शेवट न बघितलेले पिक्चर

९ जाने., गुरुवार
पोलिसाचा पिक्चर. हिरो एकटा गल्लीभर गुंड चोपतो आणि शर्टाची इस्त्री जागच्या जागी. तसलं कापड कुठं मिळतं विचारायला हवं, सविताच्या कंपनीच्या ड्रेसला बरं पडेल. व्हिलन आवडला. निदान तो जेवताना तरी दिसला. हिरो अख्ख्या पिक्चरात पाणीसुद्धा प्याला नाही.

तिकिटाच्या खिडकीतली पोरगी विचारत होती, "लेक का तुमची?" सविता म्हणाली, "सून हाय मी." पोरगी बघतच राहिली. सासू-सून दर गुरुवारी पिक्चरला, आणि तेही हसत.

हिरोच्या मित्राने फोनवर लेकीला "आज लवकर येतो गं" म्हटलं, तसा सवितानं माझा कोपर धरला. "आत्या, चला." उठलो. लवकर येतो म्हणणारा येत नसतो. बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. आलं जास्त झालं होतं.

१६ जाने.
राजेरजवाड्यांचा. घोड्याचं काम सगळ्यांत चांगलं. माणसांच्या दाढ्या चिकटवलेल्या, सेनापती तर ती सुटेल या भीतीनं तोंडच उघडत नव्हता. राणी ओवाळायला लागली, तसं मीच म्हटलं, चल. ओवाळलं की संपलंच.

घरी येताना जळोचीच्या रिक्षात मागं बसलेल्या बाई म्हणाल्या, "पैसं देऊन अर्धाच बघता व्हय?" व्हय म्हटलं.

त्यांना काय सांगणार. माझा दत्ता गेल्यावर आम्ही दोघी पहिल्यांदा पिक्चरला गेलो, तो विनोदी आहे म्हणून. त्यात हिरोचा भाऊ मोटरसायकलवरून निघाला. रात्र, रस्ता, समोरून दिवे. मी खुर्चीतच थरथरायला लागले. सवितानं मला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं, पदरानं तोंड पुसलं. स्वतः रडली नाही. तेव्हापासूनचा नेम आहे, कुणी मरायच्या आधी उठायचं. माझा पोरगा इंदापूर रोडला उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

पुढचं लिहिवत नाही.

३० जाने.
मागच्या गुरुवारी सर्दी, म्हणून सुट्टी. आज मेंढपाळाच्या पोरीचा पिक्चर. मोठ्या हौसेनं गेले, माझ्या माहेरी मेंढरं होती. सगळं खोटं. एका मेंढराच्या अंगाला काटाकुसळ नाही, वाड्यात लेंडी नाही. हिरोईन भर पावसात भिजलेल्या मेंढराला मिठी मारून गाणं म्हणते. कधी नाक लावून बघ म्हणावं बाई. सविता माझ्याकडं बघून इतकी हसली की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. गाण्यानंतर हिरोईनचा बाप खोकला. उठलो.

६ फेब्रु.
म्हाताऱ्याचा पिक्चर. विसरायला होतं त्याला, घरातून चालू लागतो, पोरगा गावभर शोधतो. चांगला होता. पायातली चप्पल पायातच असताना शोधतो तो सीन तर माझ्या सासऱ्यांचाच. मग तो म्हातारा पुलावर जाऊन उभा राहिला, खाली पाणी. सविताच्या आधी मी उठले.

घरी येईपर्यंत तिचं तेच. "आत्या, उडी मारली आसंल का वं?"
"मारली असणार. नाहीतर पूल कशाला दाखवला?"

१३ फेब्रु.
पिक्चर नाही. सविताला लोणी देवकरला कंपनीत ओव्हरटाइम. मी डबे घासले. गुरुवार जाता जात नाही एकटीला.

१७ फेब्रु., सोमवार
सविता भाकरी थापत होती, मी चुलत जावेचं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता म्हटलं, त्या पिक्चरमधल्या म्हाताऱ्यागत होतं शेवटी माणसाचं, गेला बिचारा पाण्यात.

"न्हाय वं आत्या. त्यो पुलावरनं परत फिरतो. केळीवाल्याच्या गाड्यापाशी बसलेला घावतो."

आणि हात थांबला तिचा.

"तुला काय माहीत?"

पिठाचे हात पदराला पुसले तिनं. मग म्हणाली, "गुरुवारी बघितला परत. ओव्हरटाइम नव्हता. कंपनीतला भारत हाय ना, कळस गावचा, त्याच्यासंगं."

भाकरी करपली. तशीच खाल्ली दोघींनी.

१८ फेब्रु.
राग आला आहे. खोटं बोलली म्हणून आलाच, पण त्याहून जास्त ती माझ्याशिवाय शेवटपर्यंत बसली याचा आला. लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

दुपारी पडल्या पडल्या दुसरंच मनात आलं. तो म्हातारा जिवंत होता. आम्ही दोघींनी खुर्चीवरून उठून उठून किती चांगली माणसं फुकट मारली असतील.

२० फेब्रु.
पिक्चरला गेलो नाही. अंगणात बसून तिनं सगळं सांगितलं. भारत फोर्कलिफ्ट चालवतो. घरी आई आणि थोडी बागायत. वय उलटत चाललं, लग्न जमलं नाही. त्यानं हिला विचारलंय.

"मग तू काय म्हणालीस?"
"आत्याला सोडून मी कुठं जानार, म्हनलं. त्याला न्हाय सांगते मी. तुमी जीवाला लावून घेऊ नगा."

मी म्हणायला हवं होतं, त्याला 'नाही' सांगू नकोस. उठून कपडे काढले दोरीवरचे, ते ओलेच होते.

किती वर्षं झाली तिला माझ्याबरोबर. दत्ताबरोबर ती जितकी राहिली, त्याहून जास्त माझ्याबरोबर राहिली आहे. माझं तिच्यावाचून चालत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तिला ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे, हीच अडचण आहे.

२७ फेब्रु.
मीच म्हटलं, आण त्याला पिक्चरला. बघू तरी.

भुताचा होता. भुताची साडी पांढरीशुभ्र, मेल्यावर धुणं कोण धुतं देव जाणे. भारत एक खुर्ची सोडून बसला. काळासावळा, थोराड, आणि भुताला माझ्यापेक्षा जास्त भ्यायला. हात खुर्चीला घट्ट. मला बरं वाटलं.

मध्यंतरात वडापाव घेऊन आला. मला तिखट चालत नाही हे त्याला माहीत, चटणी वेगळ्या कागदात. सवितानं सांगितलं असणार. मी परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, तो मेंढरांचा पिक्चर बघितला का?

"बघितला की. आमच्या आजाची मेंढरं व्हती. त्या बाईला भिजल्या मेंढराचा वास कुनी सांगितला न्हाय वाटतं."

मी हसणार नव्हते. हसले.

६ मार्च
तिघं. साधाच पिक्चर, खेड्यातल्या एका मास्तरचा. बायको, म्हातारी आई, शाळा. काम बरं करतात, फक्त मास्तर खडू असा धरतो जशी विडीच. अर्ध्यात त्याला चक्कर आली. सवितानं कोपर धरला. "आत्या, चला." पलीकडून भारतही अर्धा उठला, त्यालाही नेम माहीत.

"बसा," म्हटलं. "दोघंही बसा."

मेला मास्तर. चांगला वेळ घेऊन मेला. मी पदर तोंडात धरून रडले. सविता रडली, मोठ्यानं, पायरीवर तेव्हा रडायची राहिली होती तशी. माझा हात सोडला नाही. भारतनं पडद्यावरची नजर न काढता रुमाल पुढं केला. त्याच्याकडं एकच होता, दोघींत वापरला.

आणि मग पिक्चर संपलाच नाही. मला वाटलं होतं माणूस मेलं की दिवे लागतात. कितीतरी वेळ पुढं चालू होता. ती बायको शाळेत जायला लागली, शिकली, पुढं तिचं दुसरं लग्न झालं, ती हसतानाही दाखवली. बरं वाटलं बघून. खरंच बरं वाटलं.

पण एक मोठी चूक आहे. मास्तर गेल्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईला पुन्हा दाखवलंच नाही. एवढं घर, लग्न, मांडव, आणि म्हातारी कुठंच नाही. रिक्षात बोलून दाखवलं. भारत पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, मान वळवून म्हणाला, "मला बी तेच खटकलं, आत्या."

आत्या म्हणाला. मी बाहेर बघत बसले.

८ मार्च, शनिवार
उद्या कळसहून भारतची आई येणार. पोहे आणले, शेंगदाणे भाजून ठेवले. सविता सकाळपासून घर झाडते आहे, झाडलेलंच परत झाडते. मघाशी दारात थांबून म्हणाली, "आत्या, त्यांनी इचारलं तर काय सांगू?"

"आधी येऊ दे. च्या पिऊ दे."

"आन् तुमचं काय?"

मी म्हटलं, दाण्याची साल उडव, वारा आहे तोवर. ती सूप घेऊन अंगणात गेली.

मास्तरच्या आईचं काय झालं असेल, ते अजून डोक्यातून जात नाही.