भिंतीकडे तोंड

सोमवार, ९
इंजेक्शनांनी ताप हटेना. डाव्या अंडाशयाशी पू साठलाय, लिंबाएवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट उघडायचं नाही. सोनोग्राफीत बघत सुई घालू, सुईच्या वाटेने बारीक नळी. पू हळूहळू वाहून जाईल." आणि नाही गेला तर? तर अंडाशय काढायचं.

उजवं कॉलेजात असतानाच गाठीपायी गेलं. हे एकच उरलंय. मला मूल हवंय. नवरा सोडला म्हणून इच्छा सुटत नाही.

"सोबत कोण?" — कुणी नाही. सही माझी मीच केली.

मंगळवार, १०
झालं एकदाचं! जागा बधिर केली होती, तरी आत काहीतरी सरकतंय ते कळत होतं. नळी डाव्या बाजूने बाहेर काढलीय, तिच्या टोकाला पिशवी. पिशवीत उतरतंय ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

संध्याकाळी भेटीची वेळ. समोरच्या खाटेभोवती अख्खं खानदान — सासू, नणंद, जावा, खिदळणं. सासूबाईंनी विचारलंच, "तुमचं कुणी नाही आलं?" मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. मग तशीच पडून राहिले.

ताईला कळवावं? छे. घटस्फोटाच्या वेळी म्हणाली होती, "आता तुझं तू बघ." बघतेय की. तेव्हापासून बोलणं नाही.

बुधवार, ११
पुन्हा सोंग. सोंगाची सवय लागते.

गुरुवार, १२
पिशवी कोरडी! संपला वाटतं पू. एकटीच हसले.

शुक्रवार, १३
कसला संपतोय. हुडहुडी भरून ताप. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "नळीने काम भागलेलं दिसत नाही. एकदा धुऊन बघू, नाहीतर उद्या ऑपरेशन."
खूप रडले. उशीत तोंड खुपसून, समोरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

शनिवार, १४
नळी धुवायला आलेल्या सिस्टरने पांघरूण ओढलं. "अहो बाई, नळीवरच झोपता? पार मुडपलीय की ही!"

भिंत डावीकडे, नळीही डावीकडे. लोक यायला लागले की मी कूस बदलणार, आणि सकाळपर्यंत नळी माझ्याच अंगाखाली. अक्कल गहाण टाकली होती मी! सिस्टरने सलाइन सोडलं, नळी मोकळी झाली आणि पिशवी भरायला लागली. ऑपरेशन थांबवलं.

"भेटीच्या वेळीच बरी झोप लागते तुम्हाला," सिस्टर म्हणाली. मग खरं ते सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. तिने खाट फिरवून दिली; आता भिंत उजवीकडे.

सोमवार, १६
ताप नाही. सोनोग्राफीत पू जवळजवळ दिसत नाही. अंडाशय राहिलं! हे सांगायला एक माणूस हवं होतं.

मंगळवार, १७
भेटीच्या वेळी आज उठून बसले, तोंड दाराकडे. दारात ताई.
"आज जागी आहेस होय?"
माझ्या ऑफिसातून कळलं होतं तिला, पहिल्याच दिवशी. म्हणाली, "रोज येत होते गं. रोज तू झोपलेली. आजारी माणसाला कशाला उठवायचं, म्हणून दारातूनच परत जायचे."