पावसाचा सीन

१९ एप्रिल २०१६, उदगीर
डोकं नुसतं तापलंय. शाकंभरीला किल्ल्यात पावसात नाचवणार!
मालिकेत चौघी मैत्रिणी. तिघी शहाण्या, आणि मी करते ती शाकंभरी — सोळा सोमवार धरणारी, हिरव्या चुड्याची स्वप्नं बघणारी, लोकांनी जिला हसायचं अशी. तीन वर्षं सोसलं, कारण मला ती आवडते. पण पाऊस? लातूरला रेल्वेनं पाणी आणतायत आणि आम्ही इथं पाऊस पाडणार?
दिग्दर्शक म्हणाले, "दोनच टँकर लागतात गं."

२० एप्रिल
सगळे लॉजवर, मी बसम्मामावशीकडे. हिनंच मला वाढवलं. नळ पंधरा दिवसांनी येतो. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसते. मला आंघोळीला अर्धी बादली दिली, स्वतः केलीच नाही. सीनचं बोलायला तोंड उघडेना.
चौकात मंडप घातलाय — उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. मावशी म्हणाली, "होऊ दे की जिल्हा. म्हून नळाला पानी येनार हाय का?"

२१ एप्रिल
दिग्दर्शकांशी भांडले. म्हटलं, शाकंभरी तुळशीला घातल्याशिवाय स्वतः घोट घेत नाही. ती असलं करणार नाही.
"ती काय करणार ते मी लिहितो. नको असेल तर सांग. लग्न लावून अमेरिकेला धाडतो तिला."
"धाडा," मी म्हणाले. तोंडावर.
या माणसाला वेडी बाई लिहिता येते, भोळी येत नाही.

२२ एप्रिल
टँकर आले. बाया घागरी घेऊन धावल्या — त्यांना वाटलं, वाटायलाच आलंय. आमच्या लोकांनी दोरी बांधली. एक म्हातारी मलाच म्हणाली, "तुमचं झाल्यावर उरलं तर देताव का, माय?"
दिग्दर्शकांनी पुन्हा बोलावलं. शाकंभरी अमेरिकेला जाते तो भाग लिहून तयार होता. कागद हातात दिला. वाचला. त्यात ती परत येतच नाही.

२३ एप्रिल
सीन केला. तीन टेक. छान लाजलीस, म्हणाले.
मावशी दोरीपलीकडे उभी होती. घरी आल्यावर माझी ओली साडी घेतली आणि बादलीत पिळली.