चष्मा काढून म्हटलेलं ‘हं’

२ जून १९९८, मंगळवार
नेमणुकीचं पत्र आलं! जि. प. शाळा, हरसूलच्या पुढे. पंधराला, सोमवारी हजर व्हायचं. डी. एड. होऊन चार वर्षं वाट बघितली. सकाळी लवकर नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी, परत यायला संध्याकाळ. सोनू अजून वर्षाचाही नाही, पण ही नोकरी गेली तर पुन्हा मिळायची नाही. हे खूश, पण सासऱ्यांना विचारायचं म्हटल्यावर म्हणाले, "अप्पांना तूच विचार." वा रे नवरोबा.

४ जून, गुरु.
नणंदबाईंनी, म्हणजे रेखाने, शिकवणी घेतली. अप्पा ‘बघू’ म्हणाले की नाही समजायचं. ‘विचार करून सांगतो’ म्हणजे नाहीच, पण प्रेमाने. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हटलं की आठ दिवस अबोला. ‘हं’ म्हणजे हो. त्यातही चष्मा काढून म्हटलेलं ‘हं’च खरं, पेपर वाचता वाचता म्हटलेलं धरायचं नाही. रेखाला कॉलेजच्या सहलीसाठी विचारल्याचा अनुभव आहे. अप्पा दिवसभर ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग तपासून पास-नापास करतात, मग घरी येऊन आम्हाला.

५ जून
कारखान्याची बस उशिरा आली. अप्पांचा चेहरा बघूनच आईंनी मला स्वयंपाकघरात अडवलं. "आज नको गं. कुनाशी तरी वाजलंय त्यांचं." सोनूला कडेवर घेऊन बाहेर गेल्या.

७ जून, रवि.
झालं!!
आईंनी आधी अप्पांना चहा दिला, मग भजी. मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "जा आता." गेले.  सगळं एका दमात सांगितलं. अप्पांनी पेपरची घडी घातली. मग, "आणि सोनू?"
"आई आहे ना," हे म्हणाले. (बोलले एकदाचे.)
अप्पांनी चष्मा काढला. "हं."
रेखाने मागून चिमटा काढला. आईंनी शिरा केला. मी रडले थोडी. दोन साड्या इस्त्रीला टाकायच्या. डबा कोणता न्यावा?

९ जून, मंगळ.
दुपारी समोरच्या काकू फाटकातून आईंना हाक मारत होत्या, भजनी मंडळाला चला म्हणून. आई दोन महिने तिथे पेटी शिकताहेत. कुणाला फारसं सांगत नाहीत, पण कणीक मळतानाही बोटं चालतात.
आई म्हणाल्या, "आता नाय जमायचं. सोमवारपासून पोरगं माझ्याकडं. पेटी दुसऱ्या कुनाला शिकवा."
"अहो, आत्ता कुठं हात बसत होता तुमचा."
"हां. बसत होता."
मी आत सोनूच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. फार वाईट वाटलं. अप्पांना कधी विचारायचं ते आईंनीच मला शिकवलं. आईंना आम्ही कुणीच...

१० जून
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आई नाही म्हणणारच नाही." तेच तर. रेखा म्हणे मी दुपारी कॉलेजातून लवकर येईन, पण तिचं काय खरं. पाळणाघर रस्त्यापलीकडे एक आहे, बघून आले. बरं वाटलं नाही.

१२ जून, शुक्र.
आज विचारलं. आई मेथी निवडत होत्या. समोर बसले. म्हटलं, "आई, सोनूला दिवसभर सांभाळाल का? नाही म्हणालात तरी चालेल. मग मी नोकरीचं बघेन काय ते."  अप्पांसमोर इतकी घाबरले नव्हते.
आईंचा हात थांबला. "मला इचारतीस?"
"हो."
हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "परवा सांगते."
परवा रविवार. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचंय. चालेल म्हटलं.
संध्याकाळी अप्पा दोनदा स्वयंपाकघरात डोकावले (रेखाने सांगितलं असणार). दुसऱ्यांदा विचारलंच, "काय ठरलं मग?"
आईंनी भाकरी उलटली. "मी अजून ठरवतेय," म्हणाल्या.
अप्पा दारातच उभे राहिले.