‘येतो’चा नेमका अर्थ

१० नोव्हेंबर, सोमवार
पुण्याहून शेरे आले. मी मराठीतून प्रोग्रामिंगची भाषा केली आहे, ‘बोली’. तिच्या नियमांचा मसुदा तिथल्या कृपा मॅडम तपासतात. पानापानावर लाल. म्हणजे बाईंनी मन लावून वाचलंय. रविवारच्या आत सगळ्यांना उत्तरं द्यायची. घर शांत आहे, कामाला उत्तम. बायको, ज्ञानेश्वरी, भाऊबीजेला कर्जतला भावाकडे गेली, ती अजून आली नाही. इथे श्रीरामपूरला यायचं तर एसटी बदलावी लागते. बायकांना ते जड जातं.

११ नोव्हेंबर, सकाळी
मुख्य आक्षेप. प्रोग्राम संपवायला मी ‘येतो’ हा शब्द ठेवलाय. मॅडम विचारतात, प्रोग्राम परत येणार की संपला? स्पष्ट करा. काय हे. आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? अभद्र. पुण्यात राहून बाई विसरल्या. कडक उत्तर लिहिणार. आधी चहा. दूध नासलंय.

१४ नोव्हेंबर
उत्तर पाठवलं. ‘येतो’ म्हणणारा माणूस येतोच. दाखला घरचाच दिला: माझी बायको दिवाळीत ‘येते’ म्हणूनच गेली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
नवा शेरा. कलम सातमधलं ‘ज्ञानेश्वरी येईपर्यंत थांब’ हे उदाहरण कधीच संपत नाही म्हणे. बाहेर पडायची वाट ठेवा. आणि प्रत्येक उदाहरणात ज्ञानेश्वरीच का? बाईंना सौंदर्यदृष्टी नाही.
कर्जतला फोन केला. मेहुणा भीमा म्हणाला, ताई बायांना शिवण शिकवतीय, लई गर्दी हाय. भाऊबीजेला गेलेल्या माणसाने क्लास कशाला काढायचा? विचारणार होतो, पण रेंज गेली. गेली असावी.
आज कुणाशी बोलणं नाही. कॉम्प्युटरशी बोललो असतो, पण ‘बोली’ अजून चालत नाही.

१९ नोव्हेंबर
तिचा स्वतःचा फोन. शनिवारी येतेय. मी म्हणतच होतो. मॅडमना कळवून टाकलं, पुरावा शनिवारी मिळेल. घर झाडलं, गाद्या उन्हात टाकल्या. तिच्या आवडीची मटकी आणली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आली. भीमा टेम्पो घेऊन आला होता. शिलाई मशीन, कपाट, साड्या, सगळं चढवलं. मटकीची उसळ खाल्ली, मीठ बरोबर पडलंय म्हणाली. मी कलम सात दाखवलं, सगळीकडे तुझंच नाव आहे म्हटलं. तिनं वाचलं. म्हणाली, यंत्राला सांगितलं माझं नाव, मला कदी हाक मारली न्हाई तुमी.
मी मसुदा मिटून ठेवला.
दारात चपला घालताना म्हणाली, येते. मी विचारलं, म्हणजे कधी? म्हणायची पद्धत हाय हो ती, म्हणाली. टेम्पो गेल्यावर घर खायला उठलं.
संध्याकाळी मॅडमना मेल केला. शेरा मान्य. ‘येतो’ म्हणजे संपलं. परत येणं नाही. नुसती म्हणायची पद्धत.
त्यांचं लगेच उत्तर आलं. धन्यवाद, आता अर्थ स्पष्ट झाला.