ठकीला शाळेची सवय लावताना

३ जून, सकाळी
आजपासून लेक प्लेस्कूलला. नाव मोठं आहे, घरात ठकी. बायकोला स्पष्ट सांगितलं, सोडायची जबाबदारी माझी. तू हळवी. तू रडशील, मग पोरगीही बिथरेल. मी ड्रायव्हिंग शिकवतो. घाबरलेल्या माणसाला सांभाळणं हा माझा रोजचा धंदा. बायकोने ठकीचं दप्तर माझ्या हातात दिलं. पटलं असणार.

३ जून, दुपारी
शाळेची पद्धत अशी : पहिल्या दिवशी पालकाने वर्गात बसायचं, दुसऱ्या दिवशी दाराबाहेर, तिसऱ्या दिवशी फाटकापाशी. मग थेट कामावर. पोरांच्या खुर्चीत बसलो. उठलो तेव्हा खुर्चीही बरोबर आली. ठकीने एकदाही वळून पाहिलं नाही. बिचारी आतून किती घाबरली असेल.

४ जून
दाराबाहेर. आत कुणीतरी रडलं म्हणून धावत गेलो. ठकी नव्हती, दुसरंच पोर होतं. मला बघून ते आणखी जोरात रडलं. त्याचं बघून शेजारचं. बाई म्हणाल्या, तुम्ही बाहेरच थांबा. बाईंना अनुभव कमी दिसतो.

६ जून
काल फाटकापाशी. आज स्वतःहून पुन्हा दाराबाहेर. पाया पक्का हवा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन. सकाळची शिकाऊ मंडळी ताटकळलीत म्हणे. सांगितलं, मुलीला सवय होईपर्यंत सांभाळून घ्या. मालकांना मुलं आहेत, पण काळीज नाही.

१० जून
निश्चय : फाटकावरूनच परत. तंतोतंत पाळला. मागच्या खिडकीशी जरा थांबलो, ते केवळ गाडी तिकडे लावली होती म्हणून. ठकी मातीचा हत्ती करत होती. सोंड तुटली. माझा जीव वर-खाली. तिने थुंकी लावून सोंड चिकटवली आणि हसली. इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. सगळी पोरं खिडकीशी जमली. बाईंनी पडदा ओढला. ऊन येत असेल.

१२ जून
बाईंचा बायकोला फोन. काय बोलणं झालं ते सांगत नाही, नुसती हसते. शेवटी म्हणाली, "अरे, ती केव्हाच रुळली. तुझं काय?" प्रश्नच कळला नाही.
मालकांनी निर्वाणीचं सांगितलंय. उद्या उशीर झाला तर सकाळची बॅच दुसऱ्याला. ठीक आहे. उद्या फाटक, टाटा, निघालो. आरशात चेहरा करून पाहिला. खंबीर दिसतो.

१३ जून
फाटकात बाई स्वतः उभ्या. खंबीर चेहरा केला. डोळ्यांत पाणी आलं, रस्त्यावर धूळ फार. ठकीने एकेक करून माझी बोटं सोडवली. धरून मीच ठेवलं होतं. मग मला खाली वाकायला लावलं, गालावरून हात फिरवला आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाली, "बाबा, रडायचं नाही हं. छान खेळ. संध्याकाळी मी येते तुला न्यायला."
आणि पळाली आत.
बॅचला वेळेवर पोचलो. दिवसभर गाडीतही धूळ फार. संध्याकाळी ऑफिसच्या दारात ठकी खरंच हजर, आईचं बोट धरून. माझ्याकडे न बघता सरळ मालकांच्या टेबलाशी गेली आणि विचारलं, "बाबा रडला का?"
मालक म्हणाले, "अगदी थोडासा."