झोपला का

५ ऑगस्ट
आधी चपला बाहेर काढायला लावल्या. मठ न्हाय, देऊळ न्हाय, नुसत्या माशांच्या टाक्या, आन मी अनवाणी. त्याच्यावर इथं माशांचा अभ्यास करणारी हर्षालीबाई म्हणती, नमस्कार आजी, या. असू दे. जागा झकास हाय. धाराशिवातलं कॉलेज, डोक्यावर पंखा, लेकाचं घर चालत जवळ. मी शांतम्मा, परंड्याची, चौथी शिकलेली. मला कामाला का घेतलं, तर आधीची बाई इथले चिलापी मासे पदराखाली नेऊन कालवण करायची. मी लिंगायत, गळ्यात लिंग. मासा माझ्या चुलीवर चढायचा न्हाय, हे हर्षालीबाईनं ओळखलं. हुशार हाय पोरगी. पोट पुढं आलेलं, तरी दिवसभर उभी.

९ ऑगस्ट
काम कळलं. माशाच्या पोटाला बारीक चीर देऊन आतलं बघायचं असतं, म्हणून आधी त्याला गुंगी. पाण्यात पावडर, तिच्यासंगं खायचा सोडा. सोडा न्हाय टाकला तर पाणी आंबतं, कल्ल्यांना झोंबतं. मासा उलटा झाला म्हंजे झोपला, असं न्हाय. कल्लं मंद व्हायला पाहिजेत. मग म्या चिमट्यानं शेपटी दाबायची. हर्षालीबाई विचारती, झोपला का. त्यानं अंग चोरलं तर म्या म्हणायचं, जागा हाय. की ती सुरी खाली ठेवती. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात माझं एवढं ऐकलं न्हाय. टाका घातला की मासा स्वच्छ पाण्यात सोडायचा, आन पवायला लागेस्तवर बघत बसायचं.

१७ ऑगस्ट
हर्षालीबाई बाळंतपणाला कळंबला गेली. तिच्या जागी रणधीर. केसाला तेल, कामाला घाई. पावडर संपली, मागवायला दम न्हाय, म्हणून बर्फ आणला. बर्फात मासा लाकूड होतो. म्या शेपटी दाबली, हलला न्हाय. तरी म्हणलं, बाबा, गारठलेला आन झोपलेला एक नसतो. त्यो म्हणला, आजी, हलतोय का? मग झोपला. आन चीर दिली. साध्या पाण्यात सोडल्यावर अंगात ऊब आली, तसा त्यो काचेवर आपटत फिरला. तोंड उघडं, आवाज न्हाय.

२० ऑगस्ट
आता मला विचारीतच न्हाय. त्योच विचारतो, त्योच सांगतो, झोपला. मी फरशी पुसते. काही वाटत न्हाय. पाय मातुर गार पडत्यात.

२४ ऑगस्ट
दुपारी घरी आडवी झाले. डोळं उघडं, अंग उठंना. सुनेनं, उमादेवीनं, पाय हलवून बघितला, म्हणली आत्या झोपल्या. झोपले कुठं? शेजारणीपुढं माझी चहाडी केली, ती अक्षर न् अक्षर ऐकली.

२६ ऑगस्ट
दुपारी घरात कुणी नव्हतं. कडी म्याच आतून लावलेली. अंग परत लाकूड. टाचेला चिमटा बसला. ओला. लोखंडाचा. कुणीतरी विचारलं, झोपली का. जीभ हलंना. मग उशापाशी उत्तर आलं, झोपली.
आवाज माझा होता.
मी बोलले न्हाय.

२७ ऑगस्ट
परत तेच. पोटावर बारीक रेघ उमटली. उमादेवी म्हणली, लुगड्याच्या गाठीचा वळ हाय. गाठ कमरंला असती, ही बेंबीच्या वर—

२८ ऑगस्ट
आज रेघ खोल. वढताना सगळं कळत होतं. सगळं. तोंड उघडत होतं नुसतं—
उमादेवी म्हणली, किती शांत झोपला होतात.

२९ ऑगस्ट
दुपार व्हायची हाय. पाय गेले. गुडघं बी— हात हाय तवर लिहिते.
उमादेवी, काम ठेव, हितं बस. उठू नगं. टाचेला चिमटा बसंल. विचारत्याल. माझ्या आवाजात कुणीबी झोपली म्हणलं तरी ती मी न्हाय. तू मोठ्यानं म्हण, जागी हाय. लेकानं न्हाय, शेजारणीनं न्हाय. उत्तर तूच द्यायचं. त्यांनी विचारायच्या आधी तू—