काढून टाकलेला गोंगाट

काका,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरी, रेकॉर्डिंगमधला बाहेरचा गोंगाट तेवढा काढ. दयेवरचं प्रवचन लोकांना नीट ऐकू यायला हवं." ध्वनिमुद्रण हेच माझं काम. मी गोंगाट वेगळा केला आणि सवयीने ऐकून पाहिला.

तो गोंगाट नाही. कोपऱ्यावरचा शिंपी प्रार्थनाघराचं दार बडवतो आहे. त्याच्या मागे लागलेला जमाव ओरडतो आहे. "गुरुजी, आत घ्या हो," असं तो तुम्हालाच म्हणतो. तुम्ही थांबता, माइकपासून तोंड वळवून कुणाला तरी सांगता, "कडी लावा." मग पुन्हा दया सुरू होते, आधीपेक्षा मोठ्याने. तो पायरीवरच मेला.

मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "तू तुझी यंत्रं सांभाळ, पाप-पुण्य आम्ही बघतो. लोकांची श्रद्धा उडाली तर राहील काय?"

शिंपी राहिला असता, काका.

हे पत्र पाठवत नाही, तुम्ही ते फाडाल. उद्याच्या सभेसाठी रेकॉर्डिंग मात्र पाठवते आहे. नेहमीसारखं न ऐकताच लावाल. मी त्यातलं प्रवचन काढून टाकलं आहे. बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतं.

तुमच्या धाकट्या भावाची मुलगी